अभेद्य ढाल



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जण हंसतील, याची मला जाणीव आहे. सारा जन्म व्याकरण आणि इतिहास शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें खेळांतल्या जादूच्या ढालीवर बोलावें, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटणें साहजिक आहे. परंतु मुलें जे खेळ खेळतात त्यांच्या नियमांत जगाविषयींची त्यांची समजूत उतरलेली असते, असें माझें अनुभवान्तीं मत झालें आहे. आणि संरक्षण म्हणजे काय, तें कोणाला मिळतें व कशानें मिळतें, हा प्रश्न तर खासच पोरखेळाचा नव्हे.

हल्लीं शहरांतील कॉलेजांत जाणारीं मुलें-मुली टेबलाभोंवतीं बसून एक खेळ खेळतात. त्यांत पट आणि सोंगट्या असल्या तरी त्या गौण. मुख्य काम बोलण्याचें. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, आणि सर्व मिळून एक कथा रचीत जातात. घाव लागला कीं चुकला, हें वीस पृष्ठांच्या फाशानें ठरतें. या जातीचा पहिला छापील खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केला. त्याच्या २०१४ सालच्या आवृत्तींत असा नियम आहे कीं, साधी ढाल हातीं घेतल्यास योद्ध्याचे संरक्षणाचे २ गुण वाढतात. ढाल मंतरलेली असल्यास तिच्या योग्यतेप्रमाणें आणखी १ पासून ३ पर्यंत. शिवाय कित्येक जादूच्या वस्तूंच्या बाबतींत धारकानें तासभर स्वस्थ बसून त्या वस्तूशीं एकरूप व्हावें लागतें. त्यावांचून तिची शक्ति जागी होत नाहीं. एका वेळीं तिहींहून अधिक वस्तूंशीं असें नातें जोडतां येत नाहीं, हेंही कलम त्यांत आहे. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. तो कां, हें पुढें येईलच.

या खेळांतील ढाली बहुधा युरोपांतील दंतकथांवरून घेतलेल्या असतात. आमच्या नांदेड-लातूरच्या मातींतून एखादी अभेद्य ढाल घडवावयाची झाली, तर तिच्या अंगीं कोणते गुणधर्म असावेत, याचा विचार आज आपण करूं.

प्रथम खरी ढाल कशी असते तें पाहूं. आपल्याकडील ढाल बहुधा वाटोळी, मध्यें फुगीर आणि दीड-दोन फूट व्यासाची असे. ती म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याची अथवा पोलादाची करीत. दर्शनी बाजूस दिसणारीं चार फुलें केवळ शोभेचीं नसत. आंतल्या मुठींच्या कड्या ज्या खिळ्यांनीं बसविलेल्या असतात, त्यांचीं टोकें या फुलांखालीं झांकलेलीं असत. आंतून एक लहानशी गादी लावीत. ती घावाचा हिसका बोटांच्या पेरांना बसूं नये म्हणून. पाठ फुगीर ठेवण्याचें कारणही उघड आहे. सपाट फळीवर तलवार रुतते, फुगीर पाठीवरून ती घसरते. म्हणजे ढाल घाव सोसते त्यापेक्षां तो वळविते अधिक. आणि वळविण्यासाठीं ती योग्य क्षणीं योग्य कोनांत हलावी लागते.

आपल्या जुन्या तालमींतून फरी-गदग्याचा खेळ असे. फरी म्हणजे सरावाची चामड्याची लहान ढाल, आणि गदगा म्हणजे तलवारीऐवजीं घेतलेली चामडें मढविलेली काठी. नांदेडांत दसऱ्याच्या आणि होला महल्ल्याच्या मिरवणुकींत शीख बंधूंचा 'गतका' ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना हें नांव आणि हा खेळ परका वाटणार नाहीं. तेथेंही काठीबरोबर 'फरी' हाच शब्द चालतो. हा खेळ नव्यानें शिकणाऱ्या मुलाची एक खोड ठरलेली असते. तो फरी अगदीं तोंडासमोर धरतो. त्यामुळें तोंड झांकतें खरें, पण समोरचा गडीही दिसेनासा होतो आणि पुढला फटका नडगीवर बसतो. ढालीच्या आड लपावयाचें नसतें, ढालीच्या कडेवरून पाहावयाचें असतें, हें समजण्यास त्याला बरेच दिवस लागतात.

आतां ढालीची थोरली बहीण जें कवच, त्याच्याकडे वळूं. मराठी घरांत कवच हा शब्द दोन अर्थांनीं ठाऊक आहे. एक अंगावर घालावयाचें चिलखत आणि दुसरें मुखानें म्हणावयाचें स्तोत्र. तिन्हीसांजेला दिवा लागला कीं मुलांकडून रामरक्षा म्हणवून घेण्याची चाल अनेक घरांत आहे. नवरात्रांत माहूरगडच्या रेणुकेचे भक्त सप्तशतीबरोबर देवीकवच म्हणतात. दोन्हींमध्यें मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचें नांव घेऊन त्याच्या रक्षणाची प्रार्थना केलेली आहे. त्याच सप्तशतींत महिषासुराशीं लढण्यास निघालेल्या देवीला प्रत्येक देवानें आपापलें आयुध दिल्याची कथा आहे. त्यांत देवीला तलवार दिली ती काळानें, आणि निर्मळ ढालही दिली ती काळानेंच. मारणारें आणि तारणारें हीं दोन्ही एकाच हातून यावीं, ही कल्पना मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

कवच म्हटलें कीं आपणांस कर्ण आठवतो. जन्मतःच अंगाला जडलेलें कवच, तें असेपर्यंत मृत्यूचें भय नाहीं. आणि तें ब्राह्मणवेषानें आलेल्या इंद्रानें मागून नेलें. सूर्यानें आधीं सावध केलें असतांही कर्णानें तें दिलें, आणि त्याच्या बदल्यांत एकदांच सोडतां येईल अशी शक्ति घेतली. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु द्रोणपर्वांतील दुसऱ्या एका कवचाची कथा तितकी सर्वतोमुखीं नाहीं, आणि आजच्या विषयाला तीच अधिक लागू पडते.

जयद्रथवधाचा दिवस. अर्जुन व्यूह फोडून आंत शिरला आहे आणि दुर्योधन द्रोणाचार्यांना दोष देत आहे. तेव्हां द्रोणांनीं त्याच्या अंगावर मंत्रपूर्वक एक सुवर्णकवच बांधलें. तें मूळ देवांचें, ऋषिपरंपरेनें द्रोणांपर्यंत आलेलें, कोणत्याही अस्त्रानें न भेदणारें. दुर्योधन मोठ्या तोऱ्यानें अर्जुनापुढें उभा राहिला, आणि खरोखरच अर्जुनाचे बाण त्या कवचावर आपटून खालीं पडूं लागले. कृष्णालाही नवल वाटलें. अर्जुनानें मात्र तें तत्काळ ओळखलें. हें आचार्यांचें कवच आहे, पण तें धारण करणारानें पुढें काय करावयाचें असतें हें याला ठाऊक नाहीं, असें तो म्हणाला; आणि मग त्यानें घोडे मारले, सारथि मारला, धनुष्य तोडलें आणि उघड्या राहिलेल्या तळहातांवर बाण मारले. कवच शेवटपर्यंत अभंगच होतें, आणि त्याच्या आंतला राजा वेदनेनें कळवळत होता. त्याच्या बाजूचे वीर धांवून आले म्हणूनच तो त्या प्रसंगांतून सुटला.

वस्तूशीं एकरूप झाल्यावांचून तिची शक्ति जागी होत नाहीं, हा खेळांतला नियम मीं शहाणपणाचा म्हटला तो याचसाठीं. दुसऱ्यानें अंगावर बांधून दिलेलें कवच अंगावर राहतें, अंगीं उतरत नाहीं. ग्रीकांच्या इलियड काव्यांतही असाच प्रकार आहे. अकिलीझसाठीं हेफीस्टस देवानें घडविलेल्या ढालीवर अवघें जग कोरलेलें होतें, त्यांत शेतें होतीं, लग्नाच्या वराती होत्या, न्यायसभा होत्या. तरी अकिलीझचें अल्पायुष्य त्या ढालीनें एका दिवसानेंही वाढलें नाहीं.

दंतकथा सोडून आतां इतिहासाकडे येऊं. नांदेडला गोदावरीच्या तीरीं सचखंड श्रीहजूर अबचलनगर साहिब हें शिखांच्या पांच तख्तांपैकीं एक तख्त आहे. सध्यांची वास्तु पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. तेथें गुरु गोविंदसिंहांचीं शस्त्रें पूज्य मानून ठेवलेलीं आहेत. त्यांत तलवारी आहेत, धनुष्यें व बाणांचा भाता आहे, आणि रत्नजडित पोलादी ढालही आहे.

गुरु गोविंदसिंह १७०८ सालीं बादशहा बहादुरशहाच्या लष्कराबरोबर दक्षिणेंत आले आणि नांदेडास राहिले. शीख परंपरा सांगते कीं, तेथें विश्वासानें जवळ आलेल्या एका पठाणानें ते विसांवले असतां त्यांच्यावर कट्यारीचा वार केला. जखम शिवली, ती भरतही आली. परंतु पुढें एक कठीण धनुष्य ओढतांना टांके तुटले. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. रणांगणावर ज्यांनीं सारा जन्म घालविला, त्यांना घाव लागला तो ढाल हातीं नसतांना, परक्याला जवळ येऊं दिल्यानें. अशा वेळीं कोणत्या पोलादाचा काय उपयोग होणार होता? ढालीला शत्रु ओळखतां येत नाहीं; तें काम मनुष्याचें.

मग लोक त्या शस्त्रांपुढें मस्तक कां नमवितात? ज्यांनीं तीं दुसऱ्यांच्या रक्षणासाठीं धरलीं, त्यांची आठवण तीं जपतात म्हणून, असें मी समजतों. दिवाळीच्या सुमारास तेथें तख्तस्नानाचा सोहळा होतो. गोदावरीचें पाणी घागरींनीं आणून तख्त आणि हीं शस्त्रें स्वच्छ करतात. आपल्या घरींही खंडेनवमीला शस्त्रें, नाहीं तर कोयता, विळी आणि कात्री, घांसूनपुसून पुजण्याची चाल आहे. वर्षांतून एकदां हातीं घेतल्यावांचून गंज चढल्याचें कळत नाहीं, ही व्यवहारांतली गोष्ट या सणाच्या मुळाशीं असावी. तरुण खेळाडूंना मात्र माझी विनंति आहे कीं, जी ढाल पूजेंत आहे ती खेळांत आणूं नये. तिच्यापासून शिकावें आणि खेळासाठीं ढाल नवी कल्पावी.

नांदेडहून आतां लातूर जिल्ह्यांतील उदगीरला जाऊं. इ. स. १७६० च्या आरंभीं उदगीरच्या मोहिमेंत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेला कोंडून नमविलें आणि दौलताबादेसारखा किल्ला मिळविला. त्या विजयांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा मोठा वांटा होता. तोफेच्या गोळ्यापुढें कातड्याची ढाल काय आणि पोलादाची काय, सारखीच. काळानें दिलेली ढाल काळानें परत घेतली, असें म्हणावयास हरकत नाहीं. भाऊंचा त्या तोफखान्यावर भरंवसा बसला, आणि तो निराधार नव्हता.

एक वर्षही पुरतें लोटलें नव्हतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर तेच भाऊ होते, तोच गारदी होता आणि त्याच तोफा होत्या. सैन्याबरोबर बायका, मुलें आणि यात्रेकरू मिळून पुष्कळ बिनलढाऊ माणसें होतीं. त्यांना मध्यें घेऊन चोहों बाजूंनीं पथकें उभीं करावयाचीं आणि सर्वांनीं मिळून सरकत शत्रूची फळी फोडावयाची, अशी गोलाची लढाई योजिली होती. श्रोतेहो, माणसांची ही एक प्रचंड ढालच होती. ती स्वतःसाठीं नव्हती. पोटांत घेतलेल्या निःशस्त्र जिवांसाठीं होती. परंतु लढाई ऐन रंगांत असतां गारद्याच्या बाजूचीं कांहीं पथकें गोलांतली आपली जागा सोडून पुढें धांवलीं. त्यांच्या मागें खिंडार पडलें आणि आपल्याच तोफांपुढें आपलींच माणसें आलीं. उपासमारीनें खंगलेलें सैन्य दुपारनंतर मोडलें. पुढें धांवले ते भित्रे नव्हते, शूर होते. परंतु ढालीचा तुकडा शौर्यानेंही जागेवरून हलला तरी भोंक तें भोंकच.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आपणां सर्वांच्या काळजाला लागलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती, गणपति बोळवून माणसें थकून निजलीं होतीं. पहांटे चारला चार-पांच मिनिटें कमी असतां लातूर जिल्ह्यांतील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील सास्तूर या बाजूची भूमि हादरली. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्या भूकंपाचें मान ६ हून थोडेंसें अधिक होतें. जगांत याहून मोठे धक्के बसून याहून पुष्कळ कमी माणसें दगावल्याचीं उदाहरणें आहेत. मग येथें इतका संहार कां झाला?

त्याचें मुख्य कारण होतें भिंती. आमच्या भागांत दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलें माळवद, अशीं घरें बांधण्याची रीत होती. उन्हाळ्यांत आंत गारवा राहावा आणि बाहेरून चोराचिलटाचें भय नसावें, यासाठीं ही योजना. जितकी भिंत जाड तितकें घर सुरक्षित, असा पिढ्यांचा समज. परंतु ती जाड भिंत एकजीव नव्हती. बाहेरचा एक थर, आंतला एक थर, मध्यें गोटे आणि चिखल; दोन थरांना एकत्र बांधणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणीं नव्हता. जमीन हालली तसे ते दोन थर एकमेकांपासून सुटून फुगले आणि ढासळले. वरचें माळवद निजलेल्या माणसांवर आलें. जी ढाल म्हणून उभी केली होती, तीच शिळा होऊन छातीवर बसली. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. इतर गांवांतील जुन्या घरांच्या मजबुतीसाठीं जे उपाय सांगण्यांत आले, त्यांत भिंतींत ठिकठिकाणीं आरपार दगड घालणें, दारें-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या घराला कमरपट्ट्यासारखा लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा बांधणें आणि माळवदावरील मातीचें ओझें कमी करणें हे मुख्य होते. त्यांत भिंत आणखी जाड करण्याची सूचना नव्हती.

या सर्व गोष्टींचा मेळ घातला तर एकच बोध हातीं लागतो. अभेद्यता ढालीच्या जाडींत नसते. धरणाराचें लक्ष जागें असावें, तुकड्यांचे जोड पक्के असावेत आणि आपण ही कोणासाठीं धरली आहे याचें भान असावें, तेव्हां ती ढालीला येते. दुर्योधनाला कवचाचें ज्ञान नव्हतें, पानिपतावर जोड सुटला, आणि किल्लारीच्या भिंती एकदां उभ्या करून लोक त्यांना पिढ्यान् पिढ्या विसरले होते.

तेव्हां तरुण खेळाडूंनो, तुमच्या सूत्रधारासाठीं ही घ्या आमच्या बाजूची एक ढाल. तिचें नांव 'गोदेची ढाल' ठेवा. दिसावयास साधी, काळ्या पोलादाची, चार फुलांची. तिचे नियम पांच.

पहिला, धारकाला स्वतःला तिच्यापासून साध्या ढालीचे २ गुणच मिळावेत. परंतु शेजारच्या सोबत्यापुढें ती धरली तर त्या सोबत्याला ५ गुण मिळावेत, आणि त्या फेरींत धारकाला एकही नसावा.

दुसरा, ती हातीं आल्यावर एक रात्र जागून धारकानें स्वतः नदीच्या पाण्यानें ती घांसावी, आणि कथेंतील दर वर्षीं एकदां हें पुन्हां करावें. चुकल्यास ती नुसतें लोखंड व्हावी.

तिसरा, धारकाच्या तळहातांना तिचें संरक्षण नसावें, आणि तें धारकाला पहिल्या दिवशींच कळावें. आपलें उघडें अंग ज्याला ठाऊक असतें तो सावध राहतो.

चौथा, दोन सोबती खांद्याला खांदा लावून उभे असतील तोंवरच तिची जादू चालावी; धारक एकटा पुढें धांवला कीं ती निजावी.

पांचवा, ती विकत मिळूं नये आणि लुटून नेल्यास चालूं नये. एकानें दुसऱ्याला आपखुषीनें दिली तरच ती जागी राहावी. आणि देणाराला, कर्णाप्रमाणें, एकदांच वापरतां येईल अशी एक शक्ति मिळावी.

हे नियम जाचक आहेत, अशी तक्रार खेळाडू करतील. पहिला नियम तर सर्वांत जड वाटेल, कारण सोबत्याला वांचवितांना धारकाचें अंग उघडें पडतें. परंतु टेबलाभोंवतीं बसलेल्या चौघांपांचांना जेव्हां प्रत्येक फेरींत आपापसांत ठरवावें लागेल कीं आतां ढाल कोणापुढें धरावयाची, तेव्हां त्या खेळांतून जें शिक्षण होईल तें वर्गांतल्या पुष्कळ तासांनीं होत नाहीं.

जातां जातां शब्दाविषयीं थोडें सांगतों, कारण हा जुना व्यवसाय सुटत नाहीं. मराठींत ढाल या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे. लष्कराच्या मोठ्या निशाणालाही ढाल म्हणत, आणि तें निशाण ज्या हत्तीवर असे तो ढालगज. गर्दींत वाट चुकलेल्या शिपायानें मान वर करून ढाल कोठें आहे तें पाहावें आणि तिच्या रोखानें आपल्या माणसांत परत यावें. घाव अडविणारी वस्तु आणि विखुरलेल्यांना एकत्र आणणारी वस्तु, या दोहोंना आपल्या पूर्वजांच्या भाषेंत एकच नांव होतें. आपल्या घरांत, गल्लींत आणि गांवांत अशी ढाल कोणीं ना कोणीं धरलेली असते. ती कोणीं धरली आहे हें पाहावें आणि त्याचा हात दुखूं लागला असेल तर आपला हात पुढें करावा, एवढेंच सुचवून मी आपली रजा घेतों.